दक्षिणेला दार

आमच्या बेलखेड्याची डीपी जळली की लोक आधी मोबाईलमध्ये चार्जिंग किती आहे ते बघतात आणि मग वायरमनला शिव्या घालतात. श्रावणात ती तिसऱ्यांदा जळली तेव्हा शिवप्रियानं शिव्यासुद्धा घातल्या नाहीत. शेडात साठ किलो भाजलेल्या शेंगा पडून होत्या, चटणी कुटायचा डंका मध्येच थांबला होता आणि तुळजापुरातल्या सात दुकानांना नवरात्राच्या आधी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पोचवायची होती. पंधरा बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. शिवप्रिया घरात गेली, कपाटातली निळी फाईल काढली आणि सासऱ्यापुढे ठेवली.

"मामा, आता पेटी आणायचीच."

पेटी म्हणजे जहाजावर माल भरतात तसला वीस फुटी लोखंडी कंटेनर. आत बॅटऱ्या, इन्व्हर्टर, सगळं जागेवर बसवूनच येतं. एका लांब अंगाला पुरती दारं असतात. ती उघडायची, आतले सोलारचे पत्रे रुळांवरून चाळीस फूट बाहेर ओढायचे, की वीज सुरू. शेडावरच का नाही बसवत, असं कुणीही विचारील. तर शेडाचा पत्रा इतका पातळ आहे की त्यावर माकड चाललं तरी खालून शिवप्रियाची सासू शांताक्का ओरडते.

पेटीच्या किमतीचं काही नव्हतं. अनुदान, बँक आणि शिवप्रियाची चार वर्षांची शिल्लक मिळून ते जुळलं होतं. पण कंपनीच्या कागदावर अगदी खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की ओटा, रस्ता, क्रेन, अर्थिंग आणि शेडापर्यंतची केबल हे सगळं ज्याचं त्यानं बघायचं. सासरा मल्लिकार्जुन गवंडी, तो कुठलाही कागद खालूनच वाचायला घेतो.

"हे बसवायचं कितीला पडंल?" त्यानं विचारलं.

"दीड लाखात बसवते."

"पोरी, चाळीस वर्सं बांधकाम केलं. सांगितल्या पैशात कुणाचं बसत न्हाय. माझंच कधी बसलं न्हाय."

"माझं बसंल."

मल्लिकार्जुन अडुसष्ट वर्षांचा. सून त्याला आवडत नव्हती असं नाही. पण तालुक्याला गेलं की लोक 'शिवप्रियाचे सासरे का तुमी?' असं विचारायचे आणि ते त्याला टोचायचं. त्यानं चष्मा पुसला आणि सगळ्या बाया ऐकतील अशा आवाजात म्हणाला, "बसलं तर बसलं. दीड लाखाच्या वर रुपाया जरी गेला तर कारखान्याचा कारभार सोमेश बघंल. तू आपली भाकरी थापायची."

सोमेश म्हणजे शिवप्रियाचा नवरा. तो पिकअप चालवतो, दुकानांना माल पोचवतो, वाटेत नळदुर्गच्या धाब्यावर चहा पितो आणि सुखात आहे. "बाबा, मला कशाला मधी वढता?" तो म्हणाला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

कोपऱ्यात शांताक्का शेंगदाणे पाखडत होती. हा धंदा मुळात तिचा. तीस वर्षांपूर्वी एक उखळ आणि एक मुसळ एवढ्यावर तिनं सुरू केला, चटणीची पिशवी घेऊन एसटीनं तुळजापूरला जायची. आता तिचं उजवं मनगट वळत नाही. तिनं सूप तेवढं जरा जोरात आपटलं.

"चालंल," शिवप्रिया म्हणाली.

ओट्यासाठी नळदुर्गचा एक ठेकेदार आला. त्यानं जागा बघितली, पायानं माती उकरली आणि साठ हजार सांगितले. शिवप्रियाचा चेहरा उतरला. मुरमाचा रस्ता आणि केबल-अर्थिंग यांचे दर तिला आधीच कळले होते, त्यात साठ बसत नव्हते. ठेकेदार गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मल्लिकार्जुन फळीवरून थापी, ओळंबा आणि रंधा काढून पुसत बसलेला.

"मालाचं तेवढं दे. ओटा म्या घालतो," तो म्हणाला. "माझ्या दारात दुसऱ्या गवंड्यानं थापी चालवायची म्हंजे लोक काय म्हणतील?"

अट घालणाराच मदतीला आला, हे बायांना फार गमतीचं वाटलं. पण तो गवंडी होता. वाईट ओटा त्याच्या डोळ्यांपुढे झाला असता तर त्याला जेवण गेलं नसतं.

कंपनीचा नकाशा त्यानं पहिल्याच दिवशी दगडाखाली दाबून उलगडला. बराच वेळ बघत राहिला. नकाशात पेटीचं दार दक्षिणेला होतं. मल्लिकार्जुननं दोनशेच्या वर घरं बांधली होती, गोठे बांधले होते, एक शाळा बांधली होती. दक्षिणेला दार त्यानं कशालाच काढलं नव्हतं, कोंबड्यांच्या खुराड्यालाही नाही. सोलारचे पत्रे त्याच दारातून बाहेर यायचे आणि त्यांना दक्षिणेचंच ऊन लागतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं, शहरातल्या पोराची चूक झाली. नकाशातली चूक मालकाला न सांगता गुपचूप दुरुस्त करायची, ही त्याची जन्माची रीत. किती संसार आपण असे वाचवले, हे तो अधूनमधून सांगायचाही. त्यानं नकाशा मनातल्या मनात पाव वळवला आणि दार पूर्वेला येईल अशी दोरी मारली.

नऊ दिवस तो राबला. काळी माती खणून मुरमापर्यंत गेला, सोलिंग केलं, सळया बांधल्या. उन्हात अंगावरची बंडी घाम वाळून पांढरी पडली, तरी खोरं दुसऱ्याच्या हातात देईना. शिवप्रिया त्या दिवसांत कागदांसाठी धाराशिवला आणि केबलसाठी सोलापूरला खेटे घालत होती. नवव्या दिवशी ती एसटीतून उतरली ती सरळ ओट्यापाशी आली. ओटा आरशासारखा गुळगुळीत झाला होता. तिनं वाकून त्याला हात लावला आणि कपाळाला लावला.

"लई सुबक झालाय, मामा."

"गोणपाट टाकून दिवसातनं तीनदा पाणी मारतो," तो म्हणाला. "पंधरा दिवसांत लोखंड हुतंय."

माल अठ्ठावीस हजारांचा लागला. मुरूम चौतीस, केबल आणि अर्थिंग सत्तावन्न, आणि क्रेनचे अठरा यायचे होते. सगळं मिळून एक लाख सदतीस. शिवप्रिया रोज हे आकडे तोंडी म्हणायची आणि रोज तेरा हजार उरायचे. तिला बरं वाटायचं.

पेटी आली ती शनिवारी सकाळी नऊला, ट्रेलरवर. मागून क्रेन. क्रेनवाला रामहरी खाली उतरला आणि राम राम करायच्या आधी घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाला, "चार तासांचं अठरा हजार. म्होरं तासाला साडेतीन." कंपनीचा इंजिनिअर प्रेम, सोलापूरचा, चोवीस-पंचवीस वर्षांचा, डोक्यावर पिवळी टोपी. तो मोबाईल आडवा धरून ओट्याभोवती एक फेरी मारून आला. मग दुसरी फेरी मारली. मग टोपी काढली.

"हे कोणी बांधलं?"

"म्या," मल्लिकार्जुन पुढे झाला. त्यानं त्या दिवशी धुतलेला सदरा घातला होता.

"काका, हे चुकलंय. दार दक्षिणेला पाहिजे. तुम्ही पूर्वेला केलं. पत्रे बाहेर ओढायचे म्हटले तर बारा फुटांवर शेडाची भिंत आहे. चाळीस फूट जाणार कुठे?"

पंधरा बाया, रामहरी, ट्रेलरचा ड्रायव्हर, बघायला आलेलं निम्मं गाव, सगळे ओट्याकडे बघायला लागले. नऊ दिवस ज्याचं कौतुक झालं तो ओटा एकदम सगळ्यांना वाकडा दिसायला लागला.

"फोडून परत बांधावा लागेल," प्रेम म्हणाला. "क्रेन परत बोलवावी लागेल."

शिवप्रियानं मनात आकडे मांडले. पुन्हा अठ्ठावीस, पुन्हा अठरा, ट्रेलरचं भाडं वेगळं. दीड लाख कुठल्या कुठे मागे राहिले. नवरात्र बारा दिवसांवर. तिनं सासऱ्याकडे बघितलं. त्यानं डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला होता.

"माझी चूक हाय," ती म्हणाली. "नकाशा म्याच उलटा धरून दाखवला त्यास्नी."

मल्लिकार्जुननं तिच्याकडे एकदा बघितलं आणि वळून शेडामागे निघून गेला.

शेडामागे त्याचे दगड होते. आमच्या लिंगायतांत माणूस गेल्यावर पुरतात आणि वर समाधीचा कट्टा बांधतात. मल्लिकार्जुननं तीन वर्षं लावून स्वतःच्या समाधीचे चोवीस दगड घडवून ठेवले होते. काळा पाषाण, दीड फूट बाय फूट, सगळ्या कडा काटकोनात. या कामातही त्याला दुसऱ्या गवंड्याचा भरवसा नव्हता. शांताक्का त्यावर पापड वाळत घालायची. तो त्या दगडांवर बसला, रुमालानं तोंड पुसलं आणि जरा वेळानं त्याचा हात आपोआप एका दगडाच्या कडेवरून फिरायला लागला.

तो परत आला तेव्हा रामहरी तंबाखू मळत होता आणि प्रेम फोनवर बोलत होता.

"पोरीनं खोटं सांगितलं," मल्लिकार्जुन म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असंच म्हणाला. "नकाशा बरुबर हुता. दक्षिणेला दार म्हणून म्याच फिरवला. कुणाला इचारलं न्हाय." मग प्रेमकडे वळून, "साहेब, ह्या पेटीचं वजन कशावर येतं? सगळ्या बुडावर का कोपऱ्यांवर?"

"चार कोपऱ्यांवर, काका."

"मग ओटा कशाला फोडायचा? पेटी आडवी टाका. मधला भाग ओट्यावर ऱ्हाईल. भाईर चार कोपऱ्यांखाली चार खांब देतो."

"सिमेंट सुकायला किती दिवस जातील?"

"सिमेंट कोण घालतंय?" मल्लिकार्जुन म्हणाला. "दगडावर दगड. बिनचुन्याचं. माझा बाप आडाचं बांधकाम असंच करायचा, अजून एक दगड हलला न्हाय."

प्रेमनं ऑफिसला फोन लावला. ऑफिस म्हणालं, ओटा गिऱ्हाइकाचा, खालची जमीन पक्की असेल आणि चारही कोपरे एका पातळीत असतील तर आमची ना नाही. किती फरक चालतो, असं प्रेमनं विचारलं. पाच मिलिमीटर. मल्लिकार्जुनला पाच मिलिमीटर म्हणजे किती ते प्रेमनं बोटांच्या चिमटीत दाखवलं. "एवढी फट तर म्या माझ्या चुलीला बी ठेवत न्हाय," तो म्हणाला.

तेव्हा कुठे सोमेशच्या ध्यानात आलं. "बाबा, दगड कुठले? ते मागचे? ते तर तुमच्या..."

"मग? मला काय घाई हाय? चोवीस घडवायला तीन वर्सं लागली. परत घडवायचे म्हंजे आणखी तीन वर्सं तर पक्की झाली का न्हाय?"

बाया हसल्या, आणि हसता हसता पदर खोचून उठल्या. शिवप्रियानं स्वतः पहिली कुदळ घातली. चार खड्डे, दोन-दोन हात खोल. वरची काळी माती चिकट, खोऱ्याला धरून बसायची. बायांतल्या इरम्मानं माती ठोकायचं धुम्मस उचललं आणि खड्ड्यात दगडगोटे आपटून बसवायला लागली. तीस माणसांची चटणी एका दमात कुटणारी बाई ती. प्रत्येक घावाला तिच्या तोंडून हुं निघायचं आणि खड्ड्याचं बूड घट्ट होत जायचं.

"अण्णा, जित्तेपणी समाधी बांधून घ्यायलाव की!" ती ओरडली.

"आत म्या न्हाय, बॅटरी बसणार हाय. ठोक तू."

दगड दोन-दोन मणांचे. चार गड्यांनी दोरी लावून एक आणला तेवढ्यात घामानं न्हाऊन निघाले. रामहरी बघत होता. तंबाखू थुंकून तो क्रेनवर चढला. "घड्याळ चालूच हाय तर बसून काय करू? बांधा दोरी." मग दगड हवेतून यायला लागले. मल्लिकार्जुन खड्ड्यात उतरून पहारीनं एकेक जागेवर सरकवत होता. खाली दोन आडवे, त्यावर दोन उभे, वर पुन्हा दोन आडवे. फट राहील तिथं दगडाची चीप मारायची आणि हातोडीच्या आवाजावर कान ठेवायचा. आवाज भरीव आला की पुढचा. अडुसष्ट वर्षांचं अंग वाकून वाकून धनुकली झालं होतं, दोन्ही तळहातांची सालं निघाली होती, तरी पाणी प्यायला तो वर आला नाही.

दुपारी आभाळ भरून आलं. खड्ड्यात पाणी शिरलं असतं तर सगळंच वाया. शांताक्का शेडाच्या दारात उभी राहून ढगाला दम देत होती. चार थेंब पडले आणि ढग लोहाऱ्याकडे निघून गेला. एक वाजून गेला तेव्हा रामहरीनं बोट वर करून शिवप्रियाला दाखवलं, पाचवा तास. तिनं मान हलवली. त्यानंतर ती घड्याळाकडे बघायचीच नाही, खोरं ओढायची.

पातळी बघायला मल्लिकार्जुननं पाणी भरलेली लांब प्लास्टिकची नळी काढली. एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं प्रेमच्या हातात दिलं. प्रेमनं नळी धरली, पण नंतर आपलं लेझरचं यंत्रही लावलं.

"काका, तीन कोपरे अगदी बरोबर आहेत. चौथ्यात दोन मिलिमीटर फरक. चालतो तेवढा."

"कुठला?"

"वायव्येचा."

मल्लिकार्जुननं पहारीनं दगड उचलला, नखाएवढी चीप सारली, दोनदा ठोकलं. "आता?"

"शून्य."

"आं? ऐकू आलं न्हाय."

"शून्य, काका! एकदम बरोबर!" प्रेमनं ओरडून सांगितलं. मल्लिकार्जुनला पहिल्यांदाच चांगलं ऐकू आलं होतं, हे निम्म्या गावाला ठाऊक होतं.

पावणेचारला पेटी हवेत उचलली. ती एवढी मोठी दिसली की बाया मागे सरकल्या. ती हळूहळू खाली आली, चार दगडी खांबांवर टेकली आणि साखळी ढिली पडली. कुठे कुरकुर झाली नाही. दगडांनी आवाजसुद्धा केला नाही. मल्लिकार्जुन खांबाला कान लावून उभा होता. तो सरळ झाला, पेटीच्या दाराकडे बघितलं आणि म्हणाला, "दक्षिणेला दार काढलं शेवटी. शिवा, सांभाळ रे बाबा."

शिवप्रियानं चहा आणला तेव्हा त्याला कप धरवेना. तिनं बशीत ओतून दिला.

"म्या बी बघितला हुता ओटा," ती म्हणाली. "नकाशा पिशवीतच हुता. काढून बघितला न्हाय. नमस्कार करून गेले."

"म्या घातलेला ओटा कोण तपासतंय?" तो म्हणाला. मग चहाचा एक घोट घेऊन, "तपासत जा हितनं पुढं."

केबल जोडायला तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी दारं उघडून पत्रे रुळांवरून ओढले. त्यांची चमक पाऊण फर्लांगावरूनही दिसत होती. अकराला डंका सुरू झाला. बेलखेड्यात तेव्हा वीज नव्हतीच, डीपी अजून यायची होती. सगळ्या गावाला फक्त आमच्या शिवप्रियाच्या शेडाचा धाड धाड आवाज येत होता, आणि लसूण-शेंगांचा वास. इरम्मा नाचायची तेवढी बाकी होती.

प्रेम ओसरीवर फॉर्म भरायला बसला. पेटी बसवायला खरा खर्च किती आला, तो ह्यात लिहायचा होता. कंपनी हा फॉर्म जिल्ह्यातल्या नऊ बचत गटांना दाखवणार होती, म्हणजे पेटी घ्यायची की नाही ते त्यांना ठरवता येईल. शिवप्रियानं एकेक सांगितलं. ओट्याचा माल, मुरूम, केबल-अर्थिंग, क्रेनचे अठरा आणि वरच्या तीन तासांचे साडेदहा.

"एक लाख सत्तेचाळीस हजार पाचशे," प्रेम म्हणाला.

बायांनी टाळ्या वाजवल्या. सोमेशनं मोठा श्वास सोडला. मल्लिकार्जुन ओसरीच्या खांबाला टेकून बसला होता, हातांना हळद लावलेली. "जितलीस," तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

"गवंड्याची मजुरी?" प्रेमनं पुढची ओळ वाचली.

"घरचाच माणूस. शून्य टाका," मल्लिकार्जुन म्हणाला.

शिवप्रियाची नजर त्याच्या हातांवर होती. मग ती म्हणाली, "शून्य नगं. दहा दिवस. नऊशे रुपये रोज. नऊ हजार लिव्हा."

"अगं, वर जातंय की!" सोमेश उठून उभाच राहिला. "दीड लाखाच्या वर जातंय!"

"जाऊ दे. हे वाचून लोहाऱ्याची एखादी बाई पेटी घ्यायला निघंल. तिच्या घरात सासरा गवंडी असंल का? तिला ठेकेदाराचं पैसं मोजावं लागतील. आपलं शून्य वाचून ती बुडंल." तिनं त्याच्या तळहातांकडे बोट केलं. "आन् मामांनी हात सोलून घेतले त्याला शून्य कसं म्हणू म्या?"

प्रेमनं बेरीज केली. एक लाख छप्पन हजार पाचशे. सोमेशचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "म्हंजे आता कारखाना म्या बघायचा?" त्यानं बारीक आवाजात विचारलं.

"तू गाडी बघ," मल्लिकार्जुन म्हणाला. "जिला खरं सांगता येतं ती कारखाना बघंल."

हशा झाला. प्रेमनं नऊ हजारांचा आकडा लिहिला. हशा विरल्यावर कोपऱ्यातून शांताक्का बोलली. पेटी आल्यापासून ती पहिल्यांदाच पुरुषांच्या बोलण्यात बोलत होती.

"घरच्या माणसाची मजुरी धरायलाव म्हणून इचारते. तीस वर्सं म्या उखळात शेंगा कुटल्या. त्येचं काय?"

पुन्हा हसायला लागलेल्या बाया मध्येच थांबल्या. शांताक्का हसत नव्हती. तिनं उजवं मनगट डाव्या हातात धरलं होतं. प्रेमनं फॉर्म खालीवर बघितला, त्यात अशी ओळ नव्हती.

मल्लिकार्जुननं बायकोच्या मनगटाकडे बघितलं. "लिव्हा साहेब," तो म्हणाला. "कुठं बी लिव्हा, पण माझ्या वर लिव्हा." मग तिला विचारलं, "रोज कितीनं धरायचा?"

शांताक्कानं विचार केला. पहिल्यांदाच कुणी विचारत होतं, म्हणून तिनं नीट विचार केला.

"गवंड्याएवढा," ती म्हणाली. "नऊशे."

मल्लिकार्जुननं मान हलवली.

"कमी सांगायलीस," तो म्हणाला.